स्थिरांक गेला, नियम उरला

बारावीच्या गणितातला एक प्रश्न मुले पाठ करून सोडवतात. तो समजून घेतला, तर पुढचे निम्मे गणित सोपे होते. आणि तो समजायला स्वयंपाकघरातला चहाचा कप पुरतो.

संध्याकाळचे पाच वाजले आहेत. ओट्यावर चहाचे तीन कप आहेत. एक आत्ताच गाळलेला, वाफाळता. दुसरा पाच मिनिटांपूर्वी बाबांसाठी ओतून ठेवलेला. तिसरा फोनवर बोलता बोलता तुम्हीच विसरलेला. तिन्ही कप सारखेच, चहाही एकाच पातेल्यातला, पण तापमान तिघांचे वेगळे. आता कोणी विचारले, की या तिन्ही कपांचे तापमान वेगळे असूनही त्यांच्यात सारखे काय आहे, तर तुम्ही काय सांगाल?

आले आणि साखर, असे उत्तर कोणीतरी देईलच. पण आणखी एक उत्तर आहे. तिन्ही कप एकाच नियमाने थंड होत आहेत. चहा खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो भराभर थंड होतो. खोलीच्या तापमानाजवळ आला की त्याचा वेग मंदावतो. प्रत्येक कपाची सुरुवात वेगळी, नियम मात्र एकच.

ज्यांच्या घरात बारावी सायन्सचे मूल आहे, त्यांनी त्याचे गणिताचे पुस्तक उघडून पाहावे. डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे अवकल समीकरण या धड्यात सुरुवातीलाच एक प्रश्नप्रकार असतो: दिलेल्या समीकरणातले आर्बिट्ररी कॉन्स्टंट, म्हणजे स्वेच्छ स्थिरांक काढून टाका आणि अवकल समीकरण तयार करा. नाव ऐकूनच घाम फुटतो. पण यात करायचे असते तेच, जे आपण आत्ता तीन कपांच्या बाबतीत केले. प्रत्येकाचे वेगळेपण बाजूला ठेवायचे आणि सगळ्यांना लागू पडणारा नियम शोधायचा.

हा भाग कोणाला आहे, कोणाला नाही

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात हा भाग आहे. एनसीईआरटीने मात्र २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना बारावीच्या गणितातून तो वगळला. त्यामुळे इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूला सीबीएसई शाळेत शिकणाऱ्या तुमच्या भाचीला अवकल समीकरण सोडवायला शिकवतात, पण ते येते कुठून हे तिच्या पुस्तकात नसते. पुण्यातल्या चुलतभावाच्या पुस्तकात ते असते, पण त्याला बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते, "जितके कॉन्स्टंट तितक्या वेळा डिफरन्शिएट कर, मार्क पक्के."

दोघांचेही नुकसान सारखेच. एकीला प्रश्नच भेटला नाही आणि दुसऱ्याला त्यातला अर्थ भेटला नाही. पुढे इंजिनिअरिंगला, फिजिक्सला किंवा अर्थशास्त्राला गेल्यावर दोघेही पहिल्याच सत्रात अडखळण्याची शक्यता असते. म्हणून हा लेख. तुम्ही कॉमर्सचे असा, गणित सोडून वीस वर्षे झालेली असोत, तरी वाचा. आकडेमोड थोडीच आहे.

रिक्षाचे भाडे आणि रेषांचे कुटुंब

शाळेत ज्यांना एक्स आणि वाय म्हणतात, त्यांना आपण क्ष आणि य म्हणू.

रिक्षाचे भाडे घ्या. आधी ठरावीक किमान भाडे, मग पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ठरावीक दर. किमान अंतरानंतर तुम्ही क्ष किलोमीटर गेलात, तर भाडे होते:

य = म × क्ष + क

इथे क म्हणजे किमान भाडे आणि म म्हणजे किलोमीटरचा दर. मुंबईत म आणि क वेगळे, नागपुरात वेगळे, हैदराबादमध्ये आणखी वेगळे. प्रत्येक शहराची आलेखावर आपली एक सरळ रेषा. या सगळ्या रेषा मिळून एक कुटुंब होते. गणितातही याला वक्रांचे कुटुंबच म्हणतात.

म आणि क हे इथले स्वेच्छ स्थिरांक. स्थिरांक अशासाठी, की एका शहरात, एका प्रवासात ते बदलत नाहीत. स्वेच्छ अशासाठी, की शहर बदलले की त्यांची किंमत काहीही असू शकते. हा शब्द नीट लक्षात ठेवा. मुलांचा निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता दोन्ही काढून टाकू. अवकलन, म्हणजे डिफरन्शिएशन केल्याने बदलाचा दर मिळतो. एकदा अवकलन केले:

य′ = म

क गेला. याचा अर्थ, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला भाडे किती वाढेल, याच्याशी किमान भाड्याचा काही संबंध नाही. पुन्हा एकदा केले:

य″ = ०

म सुद्धा गेला. आता समीकरणात कोणत्याच शहराचे नाव उरले नाही. उरले एवढेच, की दर वाटेत बदलत नाही. भारतातल्या कोणत्याही शहरातल्या अशा रिक्षाला हे समीकरण लागू पडते. दोन अक्षरे घालवली आणि त्या बदल्यात सगळ्या कुटुंबाचा नियम हाती आला.

जितके स्थिरांक, तितक्याच वेळा का?

हा प्रश्न मुलाला जरूर विचारा. उत्तर आले, तर त्याला धडा समजला.

स्थिरांक दोन असतील, तर घालवायच्या अज्ञात गोष्टी दोन. त्यांना घालवायला दिलेले मूळ समीकरण एक, पहिल्या अवकलनाचे दुसरे, दुसऱ्या अवकलनाचे तिसरे. अशी तीन समीकरणे झाली. दोन समीकरणे दोन स्थिरांकांच्या किमती काढण्यात खर्च होतात आणि तिसऱ्यात त्या किमती भरल्या की उत्तर मिळते. दोनच समीकरणे असती, तर उत्तरासाठी काहीच उरले नसते.

एक उदाहरण करून पाहू:

य = अ × क्ष² + ब × क्ष

पहिले अवकलन: य′ = २अ × क्ष + ब
दुसरे अवकलन: य″ = २अ

दुसऱ्यावरून अ म्हणजे य″ भागिले २. ती किंमत पहिल्यात घातली, की ब = य′ − क्ष × य″. आता दोन्ही किमती मूळ समीकरणात घाला आणि आवरून घ्या:

क्ष² × य″ − २क्ष × य′ + २य = ०

अ नाही, ब नाही. उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. कुटुंबातला सर्वांत साधा सदस्य घ्या. समजा अ शून्य आणि ब एक, म्हणजे य = क्ष. मग य′ = १ आणि य″ = ०. समीकरणात घातले, की ० − २क्ष + २क्ष, म्हणजे शून्य. जुळले! दुसरा सदस्य य = क्ष² घेऊन हीच तपासणी तुम्ही स्वतः करा. परीक्षेत या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि चुकलेले चिन्ह लगेच सापडते.

गच्चीवरून फेकलेला चेंडू

आता खरे कोडे. मुले गच्चीवर खेळत आहेत. कोणी कठड्याजवळून चेंडू वर फेकतो, कोणी पाण्याच्या टाकीवर चढून फेकतो, कोणी नुसताच सोडून देतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर चेंडूची उंची अशी लिहिता येते:

उ = अ + ब × व − ४.९ × व²

उ म्हणजे मीटरमधली उंची आणि व म्हणजे सेकंदातली वेळ. अ म्हणजे चेंडू कोणत्या उंचीवरून सुटला आणि ब म्हणजे वर जाण्याचा सुरुवातीचा वेग. दोन्ही फेकणाऱ्याच्या हातात. म्हणून दोन्ही स्वेच्छ.

एकदा अवकलन करा: उ′ = ब − ९.८ × व. दुसऱ्यांदा करा: उ″ = −९.८.

फेकणारा कोण, तो कुठे उभा होता, किती जोर लावला, सगळे गेले. उरली ती फक्त पृथ्वीची ओढ. वजाचे चिन्ह सांगते, की ही ओढ खाली आहे. पडणाऱ्या वस्तूंच्या गतीचा हा नियम गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला, तोही अवकलनाची पद्धत जन्माला येण्याआधी.

पण थांबा. ९.८ हा आकडाही स्थिरच आहे, मग तो का नाही काढला? कारण तो स्वेच्छ नाही. गच्चीवरचा कोणताही मुलगा तो बदलू शकत नाही. तो या कुटुंबाच्या सगळ्या सदस्यांना सारखाच आहे, म्हणून तो नियमाचा भाग आहे. चंद्रावर गेलात, तर त्या जागी साधारण १.६ येईल. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभे राहून हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले. हवा नसल्याने दोन्ही बरोबरच खाली पडले. नियमाचे रूप तेच होते, आकडा फक्त चंद्राचा होता.

म्हणून गणित सुरू करण्याआधी मुलाने स्वतःला विचारायला हवे: यातला कोणता स्थिरांक सदस्यागणिक बदलतो आणि कोणता सगळ्यांसाठी एकच आहे? पहिला काढायचा, दुसरा ठेवायचा. पुस्तकातल्या प्रश्नात हे सांगितलेलेही असते, पण घाईत ते वाचले जात नाही.

पुन्हा चहाकडे

खोलीचे तापमान २५ अंश धरू. चहा खोलीपेक्षा किती अंश जास्त गरम आहे, त्या फरकाला फ म्हणू. समजा एका कपाचा फरक ६० अंश आहे आणि दहा मिनिटांत तो ३० वर आला. मग ३० अंशांच्या फरकाने सुरू झालेला तसाच कप दहा मिनिटांत साधारण १५ वर येईल. पहिल्याचा फरक ३० अंशांनी उतरला, दुसऱ्याचा १५ अंशांनीच. पण दोघांचाही निम्मा झाला.

सूत्रात हे असे दिसते:

फ = अ × ई^(−क × व)

ई म्हणजे साधारण २.७१८ ही संख्या. अ म्हणजे सुरुवातीचा फरक. तो कपागणिक वेगळा, म्हणून काढायचा. क हा कपाच्या आणि चहाच्या गुणधर्मांवर ठरतो. आपले कप सारखे आहेत, म्हणून तो ठेवायचा. एकदा अवकलन केले, की अ × ई^(−क × व) हा गठ्ठा पुन्हा जसाच्या तसा समोर येतो. त्याच्या जागी फ लिहिला, की झाले:

फ′ = −क × फ

फरक जितका जास्त, तितका थंड होण्याचा वेग जास्त. ओट्याजवळ उभे राहून आपण जे शब्दांत म्हटले होते, तेच हे समीकरण म्हणते. न्यूटनने थंड होण्याविषयीचा हा विचार १७०१ मध्ये नाव न देता छापलेल्या एका निबंधात मांडला होता.

गंमत अशी, की हेच समीकरण चहाच्या कपापुरते राहत नाही. मेलेल्या झाडाच्या लाकडातला किरणोत्सारी कार्बनही याच नियमाने कमी होतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. त्यावरून जुन्या वस्तूंचे वय काढण्याच्या पद्धतीसाठी विलार्ड लिबी यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कप आणि लाकूड यांच्यात सारखे काहीच नाही. पण दोघांचे समीकरण एकच आहे आणि ते स्थिरांक काढल्यावरच दिसते.

रांगोळीतला काटकोन

दारात ठिपक्याभोवती एकात एक वर्तुळांची रांगोळी काढली आहे. मधल्या ठिपक्यापासून मोजले, तर प्रत्येक वर्तुळाचे समीकरण:

क्ष² + य² = त्रिज्येचा वर्ग

प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या वेगळी, म्हणून ती काढायची. अवकलन करून दोनाने भागले, की क्ष + य × य′ = ०. म्हणजे कोणत्याही बिंदूवर वर्तुळाचा चढ −क्ष भागिले य. मध्यापासून त्या बिंदूपर्यंत ओढलेल्या रेषेचा चढ य भागिले क्ष. दोन्हींचा गुणाकार −१. म्हणजे त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यात काटकोन. दहावीला भूमितीत शिकलेले प्रमेय इथे पुन्हा भेटले, आणि तेही सगळ्या वर्तुळांसाठी एकदम.

आता असे विचारू, की या सगळ्या वर्तुळांना काटकोनात छेदणाऱ्या रेषा कोणत्या? उत्तर डोळ्यांना दिसते. मध्यातून बाहेर जाणाऱ्या सरळ रेषा, कोळ्याच्या जाळ्यात असतात तशा. पण वक्र अवघड असले, की उत्तर असे दिसत नाही. तेव्हा आधी स्थिरांक काढून कुटुंबाचे समीकरण करावेच लागते. कारण स्थिरांक तसाच ठेवला, तर काटकोन कोणत्या सदस्याशी करायचा, हे दर वेळी वेगळे ठरवावे लागेल.

अशाच एका कोड्याने १७१६ मध्ये युरोप गाजवला होता. लाइबनिझने इंग्लंडच्या गणितज्ञांना आव्हान म्हणून ते पाठवले आणि सत्तरी ओलांडलेल्या न्यूटनने त्याला उत्तर दिले. कॅल्क्युलस आधी कोणी शोधले, यावरून त्या दोघांत जुना वाद होताच.

मार्क जातात कुठे

तुमच्या मुलासाठी काही खुणा:

• अक्षरे मोजू नका, खरे स्थिरांक मोजा. य = अ × ई^(क्ष + ब) यात अ आणि ब दोन दिसतात. पण ई^(क्ष + ब) म्हणजे ई^क्ष गुणिले ई^ब. अ आणि ई^ब मिळून एकच स्थिरांक होतो. म्हणून एकदाच अवकलन पुरते आणि उत्तर य′ = य.

• शक्य असेल, तर स्थिरांक आधी एकटा करा. य² = ४ × अ × क्ष या अन्वस्तांच्या कुटुंबात य² भागिले क्ष = ४अ असे लिहा. आता अवकलन केले, की उजवीकडे थेट शून्य येते आणि उत्तर मिळते: २क्ष × य′ = य.

• उत्तराची ऑर्डर तपासा. खरे स्थिरांक दोन असतील, तर उत्तरात य″ असायलाच हवा आणि त्याहून वरचे काही नको.

• शेवटच्या ओळीत घालवायचा स्थिरांक शिल्लक राहिला असेल, तर काम अपुरे आहे. ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत सहज टाळता येते.

मग ते "प्लस सी" कशाला?

मुलांचा एक जुना वैताग असतो. इंटिग्रेशन केले, की शेवटी "प्लस सी" लिहायचे. विसरले, की मार्क कापले. का लिहायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता तुम्ही सांगू शकता. चेंडूचे समीकरण उलटे सोडवा. उ″ = −९.८ वरून एकदा मागे आलात, की एक सी येतो. तो म्हणजे सुरुवातीचा वेग. आणखी एकदा मागे आलात, की दुसरा सी येतो. तो म्हणजे सुरुवातीची उंची. आपण ज्यांना घराबाहेर काढले होते, तेच दोघे परत आले. नियम सगळ्यांचा असतो. पण तुमचा चेंडू नेमका कुठे पडेल, हे सांगायचे तर तो कुठून आणि किती जोराने सुटला, हेही सांगावे लागते. "प्लस सी" ही ती मोकळी ठेवलेली जागा आहे.

ज्या मुलीला हे कळले, ती सी कधी विसरणार नाही, कारण तिला ती जागा कोणाची आहे हे ठाऊक असते.

आज घरीच करून पाहा

स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल, तर दोन सारखे कप घ्या. एकात उकळता चहा, दुसऱ्यात तेवढाच कोमट. ताप मोजायचा थर्मामीटर वापरू नका, तो एवढ्या उष्णतेसाठी नसतो. दर दोन मिनिटांनी आकडे लिहा आणि खोलीचे तापमान वजा करा. मुलाला दोन्ही कपांचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. वक्र दोन येतील. मग त्याला विचारा, या दोघांत सारखे काय?

आकडे पुस्तकातल्यासारखे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण पंखा चालू असेल, वाफ जात असेल. पण गरम कप आधी भराभर उतरतो आणि मग रेंगाळतो, हे नक्की दिसेल. ते पाहिल्यावर पुस्तक उघडा आणि स्थिरांक काढायचे पहिले गणित दोघे मिळून सोडवा. चहा तेवढा पुन्हा गरम करून घ्या.